जुन्या उस्मानाबादचा वकील लोकसभाध्यक्षपदी कसा पोहोचला?

लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच होते. चाकूरचे वकील शिवराज पाटील यांच्या राजकारणाच्या पहिल्या पायऱ्या याच जुन्या जिल्ह्यातल्या. आधी लातूरचे नगराध्यक्ष, १९७३ मध्ये आमदार आणि १९८० मध्ये खासदार.

तेव्हापासून त्यांनी लोकसभेच्या सलग सात निवडणुका जिंकल्या. १९९१ ते १९९६ ते लोकसभाध्यक्ष होते. प्रश्नोत्तराचा तास घरोघरी दूरदर्शनवर दिसू लागला, तो याच काळात.

२००४ मध्ये लातूरने त्यांना हरवले. तरीही राज्यसभेतून ते केंद्रीय गृहमंत्री झाले. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर मात्र टीकेची झोड उठली आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०१० ते २०१५ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते.