जोड पक्का, भाग मोकळे

धायरी फाट्यावरून नऱ्ह्याकडे निघालं की पत्र्याच्या शेड दिसू लागतात. आत लेथ, मिलिंग, एखादं व्हीएमसी. बाहेर पिंपात भरलेला अ‍ॅल्युमिनियमचा कीस. गाड्यांचे सुटे भाग, पंपांचे शाफ्ट, फिक्स्चर असली कामं इथे चालतात. अशाच एका शेडमध्ये मी ड्रॉइंगचं काम करते, आणि काम संपल्यावर तिथेच एक छोटा डिजिटल कॅमेरा घडवते आहे. जाकिटाच्या खिशात मावेल एवढा, पण लेन्स, सेन्सर, बॅटरी, मूठ सगळं सुटं करता येईल असा.

हा खटाटोप मला गरजेचा वाटतो, कारण कॅमेऱ्याच्या भागांचं आयुष्य सारखं नसतं. चांगली काच पन्नास वर्षं सहज टिकते. सेन्सर दहा वर्षांत जुना ठरतो. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. हे सगळं एकाच डब्यात चिकटवून टाकलं की सर्वांत आधी मरणारा भाग बाकीच्यांना सोबत घेऊन जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. फिल्मच्या जमान्यातल्या लेन्स अजून मिळतात. काच स्वच्छ, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते. त्यांचा कॅमेरा मात्र केव्हाच भंगारात गेलेला असतो.

भाग बाजारात मिळतात. सगळी अक्कल लागते ती जोडात.

लेन्स कॅमेऱ्यावर जिथे टेकते त्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेलं असतं. जुन्या 42 मिलिमीटर आट्यांच्या लेन्सना ते 45.46 मिलिमीटर लागतं, निकॉनच्या जुन्या एफ माउंटला 46.5. आरसा काढून टाकलेल्या नव्या कॅमेऱ्यांनी ते खूप कमी केलं. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी 2008 मध्ये आणलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत ते 19.25 आहे, सोनीच्या ई माउंटमध्ये 18. अंतर जितकं कमी, तितकी मधे नळी घालून जुनी लेन्स बसवायला जागा जास्त. मी 17.526 मिलिमीटरचा सी माउंट घेतला. मुळात 16 मिलिमीटर सिनेमा कॅमेऱ्यांचा हा माउंट. व्यास एक इंच, इंचाला 32 आटे. कारखान्यांतल्या तपासणीच्या कॅमेऱ्यांवर तो आजही चालतो, आणि तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही.

आता वजाबाकी करा. 45.46 मधून 17.526 गेले की उरतात 27.934 मिलिमीटर. एवढ्या लांबीची नळी बनवायची. आमच्या टर्नरकाकांनी ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, “ताई, नळीच ना? मग लांबीला एवढा टाइट टॉलरन्स कशाला?”

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. माझा सेन्सर म्हणजे रास्पबेरी पायच्या 2020 च्या कॅमेऱ्यातला सोनीचा 12.3 मेगापिक्सेलचा. त्याचा कर्ण जेमतेम 7.9 मिलिमीटर, आणि एकेक पिक्सेल 1.55 मायक्रॉनचा. लेन्स एफ 2 वर पूर्ण उघडी असेल तर सेन्सर सहा मायक्रॉन पुढे-मागे झाला तरी चित्र मऊ पडू लागतं. फोकसची रिंग फिरवून जवळच्या वस्तूंना सांभाळून घेता येतं, पण नळी लांब झाली तर दूरचा डोंगर कधीच नीट येत नाही, कारण रिंग तिथे संपलेली असते. म्हणून नळी मुद्दाम किंचित आखूड ठेवायची आणि उरलेली फट पातळ शिमने भरायची. लेथवर सहा मायक्रॉनचा हट्ट धरण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

काकांनी त्यापुढचं स्वतःहून ओळखलं. लांबी बरोबर येऊनही दोन्ही तोंडं समांतर नसली, तर फोटोची डावी बाजू धारदार आणि उजवी धूसर. त्यांनी एका टोकाचं तोंड, बोअर आणि आटे एकाच सेटिंगमध्ये केले, मग जॉब मँड्रेलवर चढवून दुसरं टोक घेतलं, आणि डायल लावून रनआउट पाहिल्याशिवाय नळी माझ्या हातात दिली नाही. हे कसब या परिसरातल्या कित्येक हातांत आहे. त्याच्याकडे कॅमेऱ्याचं काम मात्र येत नाही.

दुसरा प्रश्न: काय सुटं करायचं आणि काय नाही? रिको कंपनीने 2009 मध्ये जीएक्सआर नावाचा कॅमेरा काढला होता. त्यात लेन्स आणि सेन्सर मिळून एक बंद पेटी. बदलायची तर ती अख्खी पेटी. धूळ आत जात नाही आणि प्रत्येक लेन्सला तिच्याच मापाचा सेन्सर मिळतो, हे खरंच सुरेख होतं. पण नव्या लेन्सबरोबर दर वेळी नवा सेन्सरही विकत घ्यावा लागे. ही पद्धत पुढे चालली नाही.

माझ्या रचनेत माउंट आणि सेन्सर एकाच ठोकळ्यावर, डॉवेल पिना घालून पक्के बसवलेले आहेत. सेन्सर बदलायचा तर ठोकळा उघडायचा, पण ते वर्षांतून एखाद्या वेळचं, टेबलावर बसून करायचं काम. सेन्सरपासून कॅमेऱ्याच्या मुख्य सर्किट बोर्डाकडे जाणारी चपटी केबल वेगवान सिग्नल नेते आणि तिचं नाजूक सॉकेट मोजक्याच वेळा उघड-मीट सहन करतं. रोज निघणाऱ्या जोडातून ती नेणं मला चूक वाटतं. रोज निघावी ती मूठ. तिच्यात 18 मिलिमीटर जाडीचा, 65 लांबीचा लिथियम सेल आणि शटरचं बटण. त्या जोडातून फक्त वीज आणि बटणाचा साधा सिग्नल जातो. उष्णतेचंही बघावं लागतं: सेन्सर तापला की अंधाऱ्या भागात रंगीत दाणे दिसतात, म्हणून ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा आणि थेट बाहेरच्या अंगाला टेकलेला.

लेथवर कॅमेरा करणं महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता स्वतःचा घडवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने 1918 च्या सुमारास तो पुरा केला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला. दामले नंतर प्रभातच्या संस्थापकांत होते. प्रभात 1933 मध्ये पुण्यात आली, आणि त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या माणसांना प्रत्येक दातरी चाक स्वतः कापावं लागलं. मला सेन्सर आयता मिळतो. त्यांच्यापुढे माझं काम सोपं आहे, हे मी मनापासून मानते.

सेन्सर छोटा असल्याने जुनी 50 मिलिमीटरची लेन्स यावर पावणेतीनशेच्या टेलिफोटोसारखी वागते. धायरीतल्या गच्चीवरून सिंहगड हवेतल्या सरळ रेषेत सुमारे 11 किलोमीटर. तेवढ्या अंतरावर एका पिक्सेलमध्ये साधारण 35 सेंटिमीटर येतात. पावसाने हवा धुतली की गडावरच्या टीव्ही टॉवरची जाळी मोजता येते. उन्हाळ्यात हवा थरथरते आणि तीच जाळी विरघळते. उलट बाजूने, आठ माणसांचा घरगुती फोटो घ्यायचा तर याच सेन्सरला सहा मिलिमीटरची लेन्स लागते. मोठा सेन्सर बसणारा दुसरा ठोकळा आता ड्रॉइंगवर आहे. बाकीचा कॅमेरा तोच राहील.

ठोकळ्याच्या आतल्या बाजूला मी माउंटचं अंतर, आट्याचं माप आणि पिनांची जागा कोरून घेणार आहे. कॅमेरा पुढे कुणाच्याही हाती गेला, तरी ते आकडे वाचून जवळच्या लेथवाल्याकडून त्याला नवी नळी करून घेता यावी.