पोरीला आत्ताच लस कशाला?

बैठकीत एचपीव्ही लसीचा विषय निघाला की ताया म्हणतात, "पोर बारा वर्षांची, लग्न ठरलं की बघू." इथंच चुकतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूनं होतो, आणि तो शरीरसंबंधातून येतो. लस त्याआधी घेतली तरच पुरता उपयोग. आत शिरलेला विषाणू ती काढत नाही. म्हणून वय ९ ते १४. "अशानं मुली बिघडतील," असंही कुणी म्हणतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देतं का? "पुढं मूल होईल ना?" हा आजीचा प्रश्न. होईल, लसीनं त्यात अडचण येत नाही. दंड दुखतो, एखादीला ताप किंवा चक्कर येते, म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवा. तिशी उलटलेल्या आयांनी मात्र स्वतःची तपासणी करून घ्यायची. कुठं होते ते आशाताईंना विचारा.