धातू आणि देह – लेखांक ९ : धरून नेलेलं तांबं

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. हिरवट झाक येते, चव तुरट-कडवट होते आणि एखादा घोट पोटात गेला तरी मळमळायला लागतं. आजीकडे कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा. भात्याची धग, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यामागोमाग भांड्याच्या पोटात पसरत जाणारी कथलाची चकाकी मला अजून दिसते. त्या पातळ थराचं काम एकच होतं: अन्नाची आणि तांब्याची गाठ पडू द्यायची नाही.

आणि तरी तांब्यावाचून आपली कातडी अंगावर धड राहणार नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून साधारण १०० मिलिग्रॅम तांबं असतं, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. ते नसलं तर काय होतं, हे १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मेंकीस यांनी नोंदवलं. एकाच घराण्यातली पाच बाळं, सगळे मुलगे: केस राठ, पिळवटलेले आणि रंग उडालेले, फिट्स येणारे, वाढ खुंटलेली. एकही बाळ फार जगलं नाही. कारण उमगायला पुढची दहा वर्षं गेली. मेलबर्नचे डॉक्टर डेव्हिड डँक्स यांना या बाळांचे केस पाहून मेंढ्या आठवल्या. ऑस्ट्रेलियात जिथे जमिनीत तांबं कमी, तिथल्या मेंढ्यांच्या लोकरीची नैसर्गिक कुरळी वळणं जातात आणि ती तारेसारखी होते, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. डँक्स यांनी बाळांच्या रक्तातलं तांबं मोजलं. ते फारच कमी निघालं. बाळाचे केस बघताना मेंढी आठवणं, यासाठी डॉक्टरला आपल्या मुलखाची माहिती असावी लागते. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते.

या बाळांची कातडी सैल असते आणि रक्तवाहिन्या नागमोडी, कमकुवत असतात. कारण असं, की कातडीला आणि रक्तवाहिन्यांना ताकद देणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे धागे नुसते तयार होऊन भागत नाही, ते एकमेकांना बांधावे लागतात. ही गाठ मारायची सुरुवात लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर करतं आणि त्याच्या गाभ्यात तांबं असतं. तांबं नसेल तर सूत कातलेलं आहे पण दोर वळलेला नाही, अशी अवस्था होते.

म्हणजे हवं तर आहे, पण मोकळं नको. सुटं तांबं पेशीतल्या पेरॉक्साइडशी भिडलं की त्यातून निघणारे अतितीव्र रेणू समोर येईल ते जाळत सुटतात. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या शेतकऱ्याला तांब्याचा हा मारक गुण रोजच्या कामातून माहीत असतो. म्हणून पेशी तांब्याला क्षणभरही एकटं सोडत नाही. १९९९ साली यीस्टच्या पेशींवर झालेल्या अभ्यासात हिशोब निघाला, की एका पेशीत सुटा असा तांब्याचा एक आयनसुद्धा नसतो. प्रत्येक आयन कुठल्या ना कुठल्या प्रथिनाने धरलेला असतो आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आजच्या लेखातलं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, हा असाच एक हात आहे, फार छोटा.

त्याचा शोध लागला तेव्हा तांब्याचं नावही नव्हतं. १९७३ साली लॉरेन पिकार्ट आणि मायकेल थेलर यांनी ‘नेचर न्यू बायोलॉजी’ या नियतकालिकात माणसाच्या रक्तद्रवातल्या एका घटकाबद्दल लिहिलं. तो मिळाला की प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या पेशी जास्त दिवस जगत. हा घटक म्हणजे जेमतेम तीन अमिनो आम्लांची साखळी निघाली: ग्लायसीन, हिस्टिडीन, लायसीन. शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी वापरतात त्या एकाक्षरी संक्षेपांवरून तिला ‘जीएचके’ म्हणतात. त्या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच दुसरी गोष्टही होती, की याच घटकाने यकृताच्या गाठीतल्या, म्हणजे कर्करोगी, पेशींची वाढही होते. आजच्या जाहिरातींत पहिला अर्धा भाग असतो, दुसरा नसतो. तांब्याशी तिचं नातं १९८० साली पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं: ही साखळी तांब्याला पेशीत शिरायला मदत करत असावी.

तीन कड्यांची साखळी तांब्याला धरते कशी, हे समजायला अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये जाऊ. बाययुरेट चाचणी बहुतेकांनी केलेली असते. परीक्षानळीत अंड्याच्या पांढऱ्याचं पातळ द्रावण घ्यायचं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं आणि मग मोरचुदाच्या फिक्या निळ्या द्रावणाचे दोन-चार थेंब. नळी हलवली की निळ्याचा जांभळा होतो. मुलं जर्नलमध्ये ‘प्रथिन आहे’ असं लिहून मोकळी होतात. पण तो जांभळा रंग म्हणजे पेप्टाइड बंधातल्या नायट्रोजनांनी तांब्याला विळखा घातल्याची खूण आहे. एरवी हे नायट्रोजन आपला हायड्रोजन सोडायला तयार नसतात. म्हणून तीव्र अल्कली ओतावा लागतो.

जीएचकेची करामत अशी, की तिला अल्कली लागत नाही. रक्ताचा पीएच असतो त्यातच ती तांब्याला धरते. हिस्टिडीनच्या बाजूच्या कड्यातला नायट्रोजन आधी तांब्याला थोपवून धरतो, ग्लायसीनच्या टोकाचा नायट्रोजन दुसरीकडून येतो आणि दोघांच्या मधला पेप्टाइड बंधाचा नायट्रोजन मग आपला हायड्रोजन सोडून आत येतो. तीन बाजूंनी पकड बसते, चौथी जागा मोकळी राहते. लायसीन या पकडीत नसतोच. ही पकड रक्तातल्या अल्ब्युमिनच्या पकडीच्या तोडीची आहे. पुरेशी घट्ट, तरी देवाणघेवाण होईल इतकी सैल. माझ्या मते या रेणूचं सगळं मोल या मापात आहे.

टोरांटोमध्ये काम केलेले बिबुधेंद्र सरकार यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. रक्तात तांबं हिस्टिडीनबरोबर जोडीने फिरतं हे त्यांनी साठच्या दशकात दाखवलं आणि पुढे तीच तांबं-हिस्टिडीनची जोडी मेंकीस आजाराच्या बाळांना इंजेक्शनने देण्यात आली. लवकर सुरू केलेल्या काही बाळांना तिचा खरोखर उपयोग झाला. १९८१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने जीएचके आणि तांबं यांच्या जोडीचाही अभ्यास प्रसिद्ध केला. आधी पकड समजून घ्यायची, मग औषधाचं बोलायचं, हा क्रम त्यांनी पाळला.

कातडीचा विषय आला तो फ्रान्समधून. रीम्स इथल्या फ्रान्स्वा-झाव्हिए माकार आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली फायब्रोब्लास्ट पेशींवर प्रयोग केला. फायब्रोब्लास्ट म्हणजे कातडीच्या आतल्या थरात बसून कोलॅजेन कातणाऱ्या पेशी. जीएचके-तांबं मिळाल्यावर पेशींची संख्या वाढली नाही, पण कोलॅजेन जास्त तयार झालं. परिणाम सर्वांत जास्त दिसला तो लिटरला एक नॅनोमोल एवढ्या प्रमाणात. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत साखरेचा जेमतेम एक दाणा विरघळवावा, इतकं हे विरळ. याच शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट टिपली: ग्लायसीन-हिस्टिडीन-लायसीन हा तुकडा कोलॅजेनच्या एका साखळीत मुळातच गुंफलेला आहे. जखम झाली, कोलॅजेन तुटलं, की त्यातून हा तुकडा सुटत असेल आणि ‘इथे डागडुजी करा’ असा निरोप तोच देत असेल. ही कल्पना आहे, पण मोडक्या भिंतीतून पडलेल्या विटेनेच गवंड्याला हाक मारावी, अशी ती कल्पना मला वर्षानुवर्षं सोडत नाही.

१९९३ साली त्यांनी उंदरांवर काम केलं. उंदराच्या पाठीत कातडीखाली स्टीलच्या तारेच्या जाळीची नळकांडी बसवली. शरीर अशी पोकळी भरून काढू लागतं, म्हणून ती जखमेची बंदिस्त नक्कल ठरते. काही नळकांड्यांत जीएचके-तांबं टोचलं, काहींत नुसतं मिठाचं पाणी. नंतर आत काय साचलं ते वजन करून, मोजून पाहिलं. जीएचके-तांब्याच्या नळकांड्यांत कोरडं वजन जास्त, प्रथिनं जास्त आणि कोलॅजेनची वाढ इतर प्रथिनांच्या जवळपास दुप्पट. शिवाय त्यांनी दुसरी एक तीन कड्यांची साखळीही तपासली, जिच्यात हिस्टिडीन होता पण शेजारी वेगळे होते. तिने काही केलं नाही. या ताळ्याच्या प्रयोगामुळेच मी या निबंधावर विश्वास ठेवते.

आता वाचकांच्या पत्रांकडे येते. ‘कॉपर पेप्टाइडचं सीरम लावू का?’ असा प्रश्न तीन पत्रांत आहे.

नळकांडं कातडीच्या खाली होतं आणि सीरम वर लावतात. मधे मृत पेशींचा थर आहे, केसाहून पातळ, तरी पाण्याला आणि विद्युतभारित रेणूंना अडवण्यात फार तरबेज. तांब्यासह जीएचकेचा रेणुभार साधारण ४००, म्हणजे आकाराने आत शिरण्याच्या मर्यादेत, पण ती पाण्यात रमणारी आणि भारित आहे. प्रयोगशाळेत दोन काचेच्या कप्प्यांमधे कातडीचा तुकडा ताणून बसवतात, वर द्रावण घालतात आणि खाली काय उतरलं ते तासातासाने तपासतात. अशा चाचण्यांत तांबं कातडीत उतरतं आणि काही भाग तिथेच साठून राहतो, असं आढळलं आहे. साठलेल्या तांब्याने तिथे काय केलं, ही मात्र पुढची गोष्ट.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण छोटे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यावर लेझर उपचार केलेल्या १३ जणांना घेतलं होतं. लाली लवकर ओसरते का, सुरकुत्या जास्त कमी होतात का, हे तज्ज्ञांनी पाहिलं आणि मोजण्याजोगा फरक सापडला नाही. तरीही ज्यांनी जीएचके-तांब्याचं मलम वापरलं होतं, ते आपल्या कातडीवर जास्त खूश होते. उंदराच्या पाठीतलं कोलॅजेन आणि या १३ चेहऱ्यांवरचा निकाल, दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. पहिला सांगून दुसरा लपवणाऱ्या जाहिरातीचा मला राग येतो, कारण लोक पगारातले पैसे काढून त्या बाटल्या घेतात.

सीरम लावून मोठा धोका संभवत नाही. लेबलवर ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असं लिहिलेलं असतं. पण एका पत्रात ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेली कुपी मागवून घरी टोचून घेण्याबद्दल विचारलं आहे. त्यांना मी आजच स्वतंत्र उत्तर पाठवलं: टोचू नका. त्या शिक्क्याचा अर्थच असा, की ही वस्तू माणसाच्या शरीरात जाण्याच्या कसोटीवर तपासलेली नाही. ती निर्जंतुक आहे का, तांबं पूर्ण धरलेलं आहे की काही सुटं आहे, याची हमी कोणी दिलेली नाही. आणि त्या १९७३च्या शीर्षकाचा दुसरा अर्धा भागही विसरू नका.

दुसऱ्या बाईंनी विचारलंय, की सकाळी व्हिटॅमिन सीचं सीरम लावते, त्यावरच हे कॉपर पेप्टाइडचं लावलं तर चालेल का? एकावर एक लावू नका. व्हिटॅमिन सी हे आम्ल आहे, आणि आम्लाने काय होतं ते बाययुरेटच्या त्या परीक्षानळीतच दिसतं. जांभळं झालेलं द्रावण घ्या आणि त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. नायट्रोजनांना आपापला हायड्रोजन परत मिळतो, विळखा सुटतो, नळी थोडी गढुळते आणि जांभळा रंग उतरून मोरचुदाचा तो पहिला फिका निळा परत येतो.

(पुढील आठवड्यात : जस्त)