ख्रिस्ती विवाह

ख्रिस्ती विवाह : एक स्त्री व एक पुरुष यांनी स्वेच्छेने, ईश्वराला व ख्रिस्ती मंडळीला साक्षी ठेवून, आमरण एकमेकांचे होऊन राहण्याचा केलेला करार. दोन घराण्यांमधील व्यवहार किंवा केवळ सामाजिक सोय असे त्याचे स्वरूप ख्रिस्ती धर्म मानीत नाही. वधूवरांची मुक्त संमती हे त्याचे मर्म असून धर्मगुरू, साक्षीदार, अंगठी, मंगलसूत्र व नोंदवही ही सर्व त्या संमतीची साक्ष व चिन्हे होत, अशी निदान पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेची धारणा आहे. मर्म आणि चिन्ह यांतील हा भेद खानदेशात, म्हणजे जळगाव व धुळे या जिल्ह्यांत आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेष स्पष्ट दिसतो. कारण तेथील ख्रिस्ती समाज एकाच भाषेचा, पंथाचा वा चालीरीतीचा नाही.

बायबलमधील आधार : ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकात पुरुष मातापित्यांना सोडून पत्नीशी जडून राहतो व ती दोघे एकदेह होतात, असा विचार आला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात परुश्यांनी घटस्फोटासंबंधी प्रश्न केला असता येशूने याच वचनाचा आधार घेऊन ईश्वराने जोडलेले मनुष्याने तोडू नये, असे सांगितले. प्राचीन यहुदी समाजात पत्नीला सूटपत्र देण्याचा अधिकार पतीकडे होता. त्या पार्श्वभूमीवर हे उत्तर पत्नीला संरक्षण देणारेही ठरले. गालीलातील काना या गावच्या लग्नास येशू उपस्थित होता आणि त्याने आपले पहिले चिन्ह तेथे केले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. लग्नघरातील आनंद धर्माला परका नाही, या मताच्या पुष्टीसाठी या प्रसंगाचा दाखला नेहमी दिला जातो.

यापूर्वीच होशेय या संदेष्ट्याने ईश्वर आणि इस्राएल प्रजा यांचा संबंध पतिपत्नींच्या नात्याच्या रूपाने मांडला होता : प्रजा वचन मोडते, तरी ईश्वर आपले वचन मोडीत नाही. सेंट पॉलने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हेच रूपक ख्रिस्त व मंडळी यांना लावले. पतीने पत्नीवर ख्रिस्ताप्रमाणे आत्मसमर्पणापर्यंत प्रेम करावे, असा उपदेश त्यात आहे. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हेही त्याच पत्रात असल्याने त्याच्या अर्थाविषयी पुष्कळ वाद झाले आहेत. मात्र त्या उपदेशाच्या आरंभी सर्वांनीच परस्परांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे, याकडे अनेक आधुनिक भाष्यकार लक्ष वेधतात. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात वधूच्या वचनात पतीच्या आज्ञापालनाचा उल्लेख होता. पुढे अनेक मंडळ्यांनी तो गाळला.

संस्कार व करार : सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने विवाहाची तीन श्रेये सांगितली : संतती, परस्परनिष्ठा व न तुटणारे पवित्र बंधन. मध्ययुगात विवाहाची गणना सात संस्कारांत झाली. रोमन कॅथलिक सिद्धांतानुसार हा संस्कार धर्मगुरू देत नाही. वधू आणि वर तो एकमेकांना देतात व धर्मगुरू मंडळीच्या वतीने त्यांची संमती ऐकून ती स्वीकारतो. या सिद्धांतातूनच एक अडचण उद्भवली. संमतीनेच विवाह होत असेल, तर एकांतात दिलेले वचनही विवाह ठरे, आणि पुढे पुरुषाने ते नाकारल्यास स्त्रीजवळ पुरावा उरत नसे. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मग्रामाचा धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक ठरविली. साक्षीदार हा विधीचा अलंकार नसून दुर्बल पक्षाचे रक्षण हा त्याचा मूळ हेतू होता.

मार्टिन ल्यूथर व इतर धर्मसुधारकांनी विवाहाला संस्कार मानले नाही. तथापि ती ईश्वराने स्थापिलेली पवित्र अवस्था आहे, असे ते मानीत. कॅल्व्हिनच्या परंपरेत ‘करार’ ही कल्पना प्रधान झाली. १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने विवाहाच्या हेतूंत संतती व संयम यांच्या जोडीला परस्परांचे साहचर्य, साहाय्य व सांत्वन यांनाही स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विवाहाचे वर्णन जीवन व प्रेम यांची जिव्हाळ्याची सहभागिता असे केले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र धर्मगुरूचा आशीर्वाद हा विवाहाचा आवश्यक घटक असून वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवणे हा तेथील मुख्य विधी होय. नव्या कुटुंबाच्या गौरवाबरोबरच हुतात्म्यांच्या मुकुटाची, म्हणजे एकमेकांसाठी सोसण्याची, सूचना त्यात असते.

विधी : विवाहापूर्वी वधूवरांची नावे उपासनेच्या वेळी जाहीर करून कोणास हरकत असल्यास ती कळविण्यास सांगितले जाते. प्रत्यक्ष विधीत शास्त्रवाचन, प्रवचन, संमतीची विचारणा, वचने, अंगठ्यांची देवघेव, प्रार्थना व आशीर्वाद असा सामान्य क्रम असतो. कॅथलिकांमध्ये हा विधी बहुधा मिस्साबरोबर होतो. सुखदुःखात, संपन्नतेत व विपन्नतेत, आरोग्यात व आजारपणात साथ देण्याचे वचन दोघेही समान शब्दांत देतात. वचनात अटी नसतात, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. अंगठी ही रोमन समाजातून आलेली खूण. तिला आदी व अंत नसल्याने ती अखंड निष्ठेचे प्रतीक मानली गेली. पत्रिका व मुहूर्त पाहण्यास या विधीत स्थान नाही. मात्र पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या उपवासकाळात विवाह टाळण्याकडे कल असतो.

खानदेशातील विवाहप्रथा : खानदेशातील ख्रिस्ती समाज वेगवेगळ्या मार्गांनी घडला. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र झाल्यावर नोकरीनिमित्त गोमंतकीय व अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे तेथे आली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने पूर्व खानदेश व वऱ्हाड या भागांत, तर स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम खानदेशात प्रॉटेस्टंट मंडळ्या उभारल्या. पश्चिमेकडील नवापूर परिसरात मावची व भिल्ल आदिवासींपैकी काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. खानदेशातील कॅथलिक समाज १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो.

परिणामी एकाच वचनाभोवती निरनिराळी लग्ने उभी राहतात. गोमंतकीय कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावतात. त्यास ‘रोस’ म्हणतात. वधूच्या हातांत चुडा भरण्याचाही सोहळा असतो. मराठी भाषक ख्रिस्ती घरांत साखरपुडा, बस्ता व हळद हे शब्द आणि ते प्रसंग टिकून आहेत. फरक इतकाच की साखरपुड्याचा आरंभ पाळकाच्या प्रार्थनेने व ‘उपासनासंगीता’तील गीताने होतो. वधू पुष्कळदा पांढरी साडी नेसते आणि मागाहून सासरची रंगीत साडी नेसते. अंगठीबरोबर मंगलसूत्रही घातले जाते. त्याच्या पदकावर क्रूस असतो. होम व सप्तपदी हे विधी होत नाहीत. अक्षतांच्या ऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते.

देशी चाली ठेवाव्यात की टाकाव्यात, हा प्रश्न भारतीय मंडळ्यांपुढे आरंभापासून होता. हळद व मंगलसूत्र ही हिंदू धर्माची चिन्हे आहेत की महाराष्ट्राच्या लोकजीवनाची, यावर मतभेद असत आणि काही मंडळ्यांत अद्यापही आहेत. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला होता : तेथे वर वधूच्या गळ्यात क्रूसाची खूण असलेले ‘मिन्नू’ नावाचे लहान सुवर्णपदक बांधतो व तिला ‘मंत्रकोडी’ हे वस्त्र देतो. ज्या प्रथेत अन्य देवतेचे आवाहन नाही व जी वचनाच्या आड येत नाही, ती ठेवता येते, हे तत्त्व आता बहुतेक मंडळ्या मानतात. मुळात अंगठीही ख्रिस्तपूर्व रोमन प्रथेतूनच आलेली आहे.

आदिवासी विवाहातील देज ही प्रथा या तत्त्वाची अधिक कठीण कसोटी होय. भिल्ल समाजात वरपक्ष वधूच्या पित्यास देज देतो. ते देणे शक्य नसल्यास वराने घरजावई म्हणून सासऱ्याकडे श्रम करण्याचीही चाल आहे. देजामुळे मुलीच्या श्रमाचे मोल मान्य होते व ती पित्याला भार वाटत नाही; या दृष्टीने ही प्रथा हुंड्याच्या उलट आहे. परंतु देजाची रक्कम वा त्यासाठी काढलेले कर्ज यांमुळे मुलीला नकार देणे अशक्य होत असेल, तर ख्रिस्ती विवाहाच्या मुळावरच घाव पडतो. हुंड्यालाही हीच कसोटी लागू पडते. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यातून ख्रिस्ती समाज वगळलेला नाही. कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार (१९८३) बळाने वा गंभीर भीतीने घेतलेली संमती विवाह निर्माण करीत नाही, मग समारंभ कितीही थाटाचा झालेला असो.

आप्तसंबंधांबाबतही पंथभेद आढळतो. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत संमत आहे. अँग्लिकन निषिद्ध नात्यांच्या तक्त्यात सख्ख्या चुलत, मामे वा आतेभावंडांचा समावेश नाही. कॅथलिक नियमानुसार मात्र अशा विवाहास धर्माधिकाऱ्यांची विशेष सूट लागते.

धर्मांतर आणि पूर्वीचा विवाह : पतिपत्नींपैकी एकानेच बाप्तिस्मा घेतल्यास काय करावे, हा प्रश्न सेंट पॉलच्या काळीच निर्माण झाला होता. अख्रिस्ती जोडीदार नांदण्यास तयार असल्यास त्याला सोडू नये. तो स्वतःहून विभक्त झाल्यास बंधन राहत नाही, असे त्याने करिंथकरांस लिहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या स्वतः हिंदू असतानाच पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मधून हा काळ वाचकांसमोर आला आहे. श्रद्धा निराळ्या झाल्या तरी वचन शिल्लक राहू शकते, याचे हे मराठी वाङ्मयातील ठळक उदाहरण होय. जोडीदाराने त्याग केलेल्या धर्मांतरितांसाठी १८६६ मध्ये विवाहविच्छेदाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला होता.

विवाहाचे बंधन मृत्यूने संपते. म्हणून विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक बायबलमध्येच आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या मोकळिकीला विशेष अर्थ होता. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले बाबा पद्मनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण केले, ते या पार्श्वभूमीवर.

कायदा व विवाहविच्छेद : १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाने विवाह लावण्याचा अधिकार कोणास आहे, हे ठरवून दिले. सामान्यतः सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच विवाह लावावा, असे बंधन त्यात असून त्यास काही अपवाद आहेत. भारतीय ख्रिस्ती व्यक्तींसाठी त्यात एक सोपी पद्धतही आहे : वराचे वय किमान २१ व वधूचे १८ असावे, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, आणि अनुज्ञप्तिधारक व्यक्ती व दोन विश्वसनीय साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी ईश्वराला स्मरून एकमेकांचा स्वीकार केल्याचे उच्चारावे. धर्मशास्त्रातील संमती आणि कायद्यातील पुरावा येथे एकत्र येतात. जोडीदार अन्य धर्माचा असल्यास १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाचाही मार्ग खुला असतो.

१८६९ च्या घटस्फोट अधिनियमात मोठी विषमता होती. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. वचने समान आणि ती मोडल्यावरचा न्याय असमान, अशी ही स्थिती होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विषमता दूर झाली व परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या विशिष्ट परिस्थितीत घटस्फोट मान्य करतात. कॅथलिक चर्च घटस्फोट मानीत नाही. मुळात खरी संमतीच नव्हती असे आढळल्यास ते विवाह शून्य असल्याचे घोषित करते. हा निर्णय दिवाणी कायद्यात पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये त्याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. त्यामुळे चर्चच्या घोषणेवर विसंबून, न्यायालयाचा हुकूमनामा न घेता पुनर्विवाह करणाऱ्यांचा दुसरा विवाह कायद्याने टिकत नाही.

रोस, हळद व देज ही समाजागणिक बदलतात. अंगठी, मंगलसूत्र व मुकुट ही प्रदेशागणिक बदलतात. दोन व्यक्तींनी निर्भयपणे उच्चारलेला होकार मात्र ख्रिस्ती विवाहात कोठेही वगळता येत नाही. ईश्वराच्या अढळ निष्ठेचे प्रतिबिंब पतिपत्नींच्या निष्ठेत पडावे, ही या विवाहामागील आध्यात्मिक धारणा होय. आणि बळजबरीने वदविलेल्या होकारात असे प्रतिबिंब पडू शकत नाही, हा तिचाच व्यावहारिक अर्थ होय.