दवाखाना की रंगमंच? दोन्ही जमतं का? (भागाचं लिखित रूप)

आजचा प्रश्न सायकॉलॉजी शिकणाऱ्या आणि एकांकिका करणाऱ्या मुलामुलींकडून हमखास येतो: थेरपिस्ट पण व्हायचंय आणि अभिनय पण करायचाय, दोन्ही होईल का? मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सल्ला देत नाही. ज्यांनी करून दाखवलं, त्यांच्याकडे बघू.

मराठीत याची दोन मोठी उत्तरं आहेत. एक डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन होते. 1969 मध्ये प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले. दुसरे डॉ. मोहन आगाशे. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस ते हेच. पण त्यांनी मानसोपचार सोडला नाही. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये ते मानसोपचाराचे प्राध्यापक होते, नाटक-सिनेमाही चालूच होता. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकही झाले.

म्हणजे जमतं. पण कसं, ते बघा. आगाशेंच्या बाबतीत पगाराची नोकरी होती, आणि नाटक प्रायोगिक होतं. घर नाटकाच्या पैशावर चालत नव्हतं. आपल्याकडचं गणितही तेच आहे. अंबरनाथहून दादरला तालमीला जायचं तर जाण्यातच तासाभराहून जास्त वेळ जातो, येताना पुन्हा तेवढाच. त्यात खासगी क्लायंट सांभाळायचे, तर वेळापत्रक आधी, हौस नंतर.

आता खरी अडचण. थेरपीत क्लायंटला दर आठवड्याला तीच वेळ, तोच माणूस लागतो. शूटिंगची तारीख मात्र आदल्या दिवशीसुद्धा बदलते. आमच्या कामात ऑन-कॉलची पाळी असते: मी नसेन तर कोण, हे आधीच ठरलेलं असतं. थेरपिस्टनंही ते ठरवून क्लायंटला सांगून ठेवायला हवं. आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाला ‘शूटिंग आटपलं की बोलू’ असं सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. नट माणसं निरखतो आणि ती भूमिकेत वापरतो. थेरपिस्ट रोज माणसांचं सगळ्यात खासगी ऐकतो. ते स्टेजवर नेलं, तर विश्वास संपला. नाव बदलून भागत नाही. एखादी लकब, एखादा प्रसंग, आणि तो माणूस प्रेक्षकांत बसलेला असेल तर? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्तता हा रुग्णाचा हक्कच आहे.

तिसरी बाजू उलटी. क्लायंटनं तुम्हाला काल सीरियलमध्ये खलनायक म्हणून पाहिलं आणि आज समोर बसून मन मोकळं करायचंय. तो विषय पहिल्याच सेशनमध्ये तुम्ही स्वतः काढलेला बरा.

मग दोन्ही करून मिळतं काय? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ बघा. त्यात आगाशे स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचं काम करतात. हत्तीच्या मागे चालत गेलेला तो माणूस आजाराची यादी वाटत नाही, कुणाचे तरी वडील वाटतो. याच दिग्दर्शकांचा ‘कासव’ नैराश्यावरचा, आगाशे त्याचे सहनिर्माते. 2016 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ओपीडीत एका वेळी एकच माणूस भेटतो. सिनेमातून अख्खं घर बोलायला लागतं.

बाहेरच्या जगात याकोब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञानं नाटकालाच उपचार बनवलं: सायकोड्रामा. त्यात क्लायंट स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग गटासमोर उभा करतो. पण स्टेज आलं म्हणून प्रत्येक नट थेरपिस्ट होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि औषधं लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो. अभिनयाची वर्कशॉप घेऊन ‘थेरपी’ अशी पाटी लावणाऱ्यांना तुम्ही हे जरूर विचारा.

माझं मत विचाराल तर आधी शिक्षण आणि नोंदणी पूर्ण करा, तोवर एकांकिका सोडू नका. रंगमंच थोडा थांबतो, समोरचा माणूस थांबेलच असं नाही.

आणि ऐकताना तुम्हालाच मदत हवीशी वाटली, तर टेली-मानसचा नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. भेटू पुढच्या भागात.