पादांशिक क्रम आणि वैद्याचा व्यवसाय

चहाचे व्यसन जडलेला, रात्री बारा वाजता जेवणारा किंवा दररोज दही खाणारा रुग्ण चिकित्सालयात आला म्हणजे आपण सर्वच वैद्य त्यास एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकाएकी काही सोडू नका, एकाएकी काही धरू नका. हा उपदेश आपल्या मुखी इतका रुळलेला आहे की तो करताना विचारही करावा लागत नाही. स्वतःच्या व्यवसायाचा प्रश्न आला म्हणजे मात्र हाच उपदेश आपणांस आठवत नाही, असा आमचा अनुभव आहे.

गतवर्षी दिवाळीनंतर एक तरुण स्नातक आमच्याकडे आले. पदवी घेऊन चार वर्षे झालेली. एका खाजगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून महिन्यास वीस रात्री काम. “सर, एक तारखेला राजीनामा देऊन शुद्ध आयुर्वेदाचे चिकित्सालय थाटतो आहे, उद्घाटनाला आपण यावे,” असे त्यांचे म्हणणे. जागा ठरली होती, फलक रंगवून झाला होता, कर्जाचे कागद बँकेत होते. आम्ही उद्घाटनास येण्याचे कबूल केले नाही. त्यांना ते रुचले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ज्या कारणाने आम्ही नकार दिला, ते या लेखात सविस्तर सांगत आहोत.

प्रथम शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, म्हणजे नवेगान्धारणीयात, अभ्यस्त अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार कसा करावा हे सांगितले आहे. अहिताचा एक चतुर्थांश सोडावा आणि त्याच वेळी हिताचा एक चतुर्थांश घ्यावा. मग थांबावे. नंतर दुसरा पाद, पुन्हा थांबावे, नंतर तिसरा. मधली अंतरे एक, दोन, तीन अशी वाढत जातात. दिवसांची मोजणी नेमकी कशी करावी याविषयी मतभेद आहेत, परंतु अंतर वाढत जाते याविषयी नाहीत. वाग्भटाचार्यांनी याच्याही पुढे जाऊन पादाचाही पाद, म्हणजे षोडशांश, सोडण्याची मुभा दिली आहे. ज्याला चतुर्थांशही झेपत नाही त्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे.

या क्रमातील दोन गोष्टींकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. एक म्हणजे त्याग आणि स्वीकार एकाच वेळी व्हावयाचे असतात. रिकामा झालेला पाद तसाच रिकामा ठेवावयाचा नसतो. दुसरी म्हणजे प्रत्येक पायरीवर थांबणे हा क्रमाचाच भाग आहे. सात्म्य होण्यास काळ लागतो आणि जसजसे पुढे जावे तसतसा तो अधिक लागतो. उत्साहाच्या भरात आपण नेमके उलट करतो. पहिल्या पायरीवर महिनोन्‌महिने घुटमळतो आणि एकदा पाऊल उचलले की उरलेल्या तीन पायऱ्या एका उडीत ओलांडू पाहतो.

आता आमची कथा. २००७ साली आम्हीही रात्रपाळीची नोकरी एका दिवसात सोडली. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पंचकर्म केंद्र उघडले. दोन सागवानी द्रोणी करवून घेतल्या, शिरोधारेचा साज पितळेचा घेतला, स्त्री व पुरुष असे दोन परिचारक पगारावर ठेवले, क्षीरबला व महानारायण तेलाचे डबे आणून फडताळ भरले. वास्तविक आमच्या नावाने येणारा रुग्ण तेव्हा दिवसास दोन-तीन, तोही बहुधा सर्दी-खोकल्याचा. त्यास विरेचन सुचवावे तर तो विचारी, “डॉक्टर, पुडीने भागणार नाही का?” पहिल्या पावसाळ्यात बस्तीसाठी म्हणून काही रुग्ण आले. नंतर द्रोणीवर धूळ बसू लागली. परिचारक बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसत. चौदा महिन्यांनी केंद्र बंद झाले. द्रोणी निम्म्या किमतीला गेल्या, कर्ज मात्र पूर्ण किमतीचे राहिले.

गावाने साथ दिली नाही, असे आम्ही पुष्कळ दिवस सांगत असू. ते खरे नव्हते. दोष गावाचा नव्हता, मात्रेचा होता.

पुन्हा त्याच रुग्णालयात त्याच रात्रपाळीवर रुजू होताना काय वाटले ते लिहीत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल ते जाणतात. महिन्यास चोवीस रात्री. पगारातील मोठा भाग हप्त्यांत जाई. अशा अवस्थेत शोधनोत्तर संसर्जन क्रमाची आठवण झाली. अग्नी मंदावलेला असताना पेयेपासूनच आरंभ करावा लागतो, आणि शुद्धी जितकी प्रधान तितके त्या क्रमाचे अन्नकाल अधिक. आमची ‘शुद्धी’ तर उत्तम प्रतीची झाली होती!

२००९ च्या आरंभी आम्ही चोविसांपैकी सहा रात्री सोडल्या. फक्त सहा. त्याऐवजी भाड्याच्या एका खोलीत सायंकाळी पाच ते आठ बसू लागलो. टेबल, दोन खुर्च्या, एक तपासणीचा बाक, बस. पुढचा पाद केव्हा सोडावा याचा नियम आमच्या सौभाग्यवतींनी घातला, कारण घरचा जमाखर्च त्या लिहीत. सोडलेल्या रात्रींचा पगार सायंकाळच्या प्राप्तीतून सलग तीन महिने भरून निघाला तरच पुढच्या सहा रात्री सोडावयाच्या. एखादा महिना कमी पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा नियम आम्हांस तेव्हा जाचक वाटे. पहिल्या पादावर सहा महिने थांबावे लागले, दुसऱ्यावर एक वर्ष, तिसऱ्यावर दीड वर्ष. अंतरे वाढत गेली, हे आम्ही योजून केले नव्हते. २०१२ साली शेवटची रात्रपाळी संपली.

परंतु सोडण्याची ही बाजू झाली. त्या काळात धरले काय, हे अधिक महत्त्वाचे. रोज थोडे वाचन सुरू केले. चरकसंहितेचे अध्याय एकशे वीस. आठवड्यास एक धरला तरी सव्वादोन वर्षांहून थोड्या अधिक काळात संपूर्ण ग्रंथ एकदा नजरेखालून जातो. महाविद्यालयात साडेचार वर्षांत आमच्याकडून ते झाले नव्हते. दुसरी गोष्ट वहीची. शंभर पानी साधी वही घेतली आणि एका रुग्णास एक पान दिले. नाव, प्रकृती, लक्षणे, योजना, पुढील भेटीतील बदल. मोजून पाच मिनिटांचे काम.

या वहीने आमचे डोळे उघडले. आमवाताची एक रुग्णा होती, मध्यम वयाची, शेतमजुरी करणारी. सकाळी बोटे मिटत नसत. तिचे पान भरल्यावर आम्ही ते सहज पुन्हा वाचले. चाळीस दिवसांत आम्ही औषध पाच वेळा बदलले होते! सिंहनाद गुग्गुळ, मग रास्नासप्तक काढा, मग त्यात एरंडतेल, मग एक रसकल्प, मग पुन्हा गुग्गुळ दुसरा. मधे एकदा तिला बरे वाटले होते, पण ते कशाने, हे सांगता येणे शक्य नव्हते. प्रत्येक भेटीत ती “अजून दुखतंया” म्हणे आणि आम्ही घाबरून नवे काही लिही. रुग्णास धीर धरण्याचा उपदेश आणि स्वतः मात्र आठवडाभर थांबण्याची तयारी नाही. त्यानंतर आम्ही लंघन-दीपनापासून पुन्हा सुरुवात केली आणि एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य स्वतःस लावून घेतले. तिला उतार पडण्यास चार महिने लागले. तो कशाने पडला, हे मात्र त्या वेळी लिहिता आले. अशा पानांचीच पुढे आमची शिदोरी झाली.

औषधी विक्रेत्या बंधूंचाही याच अंगाने विचार करू. आमच्या परिचयाचे एक काष्ठौषधींचे दुकानदार आहेत. वडिलांचे दुकान हाती आले तेव्हा माल ओळखण्याचे ज्ञान यथातथाच होते, घाऊक व्यापारी देईल ते पोत्यातून पुडीत जाई. त्यांनी आठवड्यास एकच द्रव्य तपासावयाचे ठरविले. ग्रंथातील वर्णन, ओळखीच्या प्राध्यापकांकडील नमुना आणि आपल्या पोत्यातील माल शेजारी शेजारी ठेवून पाहणे. वर्षास बावन्न द्रव्ये. अशोकाच्या सालीपाशीच पहिली ठेच लागली. सराका असोका या खऱ्या अशोकाच्या जागी शोभेसाठी लावतात त्या उंच सरळ झाडाची, पॉलिअल्थियाची साल होती. वावडिंगात दुसऱ्याच जातीची फळे, नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या. खरा माल महाग पडला, काही गिऱ्हाइके तुटली. मात्र आसपासचे वैद्य एकेक करून त्यांच्याकडे चिठ्ठ्या पाठवू लागले. चूर्णांचा साठाही त्यांनी लहान ठेवला. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते हे शार्ङ्गधराचे वचन दुकानदाराने भिंतीवर लावण्याजोगे आहे, डब्यावरची मुदत काहीही असो.

स्वतः औषधे बनवू इच्छिणाऱ्यांनी येथे एक भेद ध्यानी ठेवावा. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने परवान्यातून सूट दिलेली आहे. विक्रीसाठी निर्मिती करावयाची तर परवाना आणि अनुसूची ‘टी’ मधील जागा, यंत्रे व नोंदींच्या अटी आल्याच. पहिल्या मुभेत दोन-तीन कल्पांवर हात बसण्यापूर्वीच एकदम वीस कल्पांचा परवाना काढणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांची यंत्रे आमच्या द्रोणींच्याच वाटेने गेली.

पायरी केवढी असावी? वर्धमान पिप्पली रसायनाचे उदाहरण घ्या. रोज दहा पिप्पली वाढवीत दहाव्या दिवशी शंभर, मग तशाच उतरत एकोणीस दिवसांत एक सहस्र. हा श्रेष्ठ प्रयोग. मध्यम सहांचा, आणि दुर्बलांसाठी तिनांचा. तिनांचा प्रयोग करणाऱ्यास शास्त्राने कमी लेखलेले नाही. ज्यांच्या पाठीशी वडिलोपार्जित जागा व नाव आहे त्यांनी दहांचा करावा. आमच्यासारख्यांनी दुसऱ्याच्या शंभर पिप्पली पाहून हेवा करू नये.

तथापि प्रत्येक गोष्ट पादांशिक क्रमाने सोडावयाची नसते, हेही स्पष्ट लिहिणे भाग आहे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असलेल्या रुग्णाचे औषध एकाएकी बंद करू नये, ते त्याच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली उतरवावे, हे सर्वांस विदित आहे. पण आपल्याच पुडीत ते मिसळून देणारा जो कोणी व्यावसायिक असेल, त्याने ‘हळूहळू कमी करतो’ असे म्हणू नये. रुग्णास सत्य सांगून, त्यास योग्य ठिकाणी सोपवून, मिसळणे त्याच दिवशी थांबवावे. तपासण्यांवरील कमिशनचेही तेच. आणि खोटी साल दुकानात सापडली तर ते पोते चतुर्थांशाने रिकामे करावयाचे नसते. आमच्या परिचित दुकानदारांनी ते त्याच सायंकाळी परत पाठविले होते.

असो. त्या तरुण स्नातकांकडे परत येतो. त्यांनी कर्जाचे कागद परत घेतले, फलक मात्र ठेवला. वीसपैकी पाच रात्री सोडल्या आणि फाल्गुनापासून सायंकाळचे बसणे सुरू केले. मागील महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला. सायंकाळी चार-पाच रुग्ण येतात, दोन महिने पगाराची तूट भरून निघाली आहे, तिसरा महिना थोडक्यात हुकला; तरी दुसरा पाद सोडावा काय, अशी पृच्छा होती. आवाजात घाई होती, ती आमच्या ओळखीची होती. आम्ही होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. रुग्णांची वही आणि घरचा जमाखर्च, दोन्ही घेऊन येत्या रविवारी या, असे सांगितले आहे.