हंगेरीतलं ‘मनेयल्लि’

हंगेरियन भाषेत घराला ‘हाझ’ म्हणतात. फिनिशमधल्या ‘कोता’चा, म्हणजे खोपीचा, हा भाऊबंद. काही स्वरांपूर्वी आरंभीच्या ‘क’चा हंगेरियनमध्ये ‘ह’ झाला. जुन्या कन्नडमधल्या ‘पाल्’चं आज ‘हालु’ झालंय ना, तसंच.

रूपं ऐकून कन्नड माहेरच्या वाचकांना हसू येईल. घरात ‘हाझबॉन’, घरातून ‘हाझबोल’. ‘मनेयल्लि’, ‘मनेयिंद’सारखं मागं जोडत जायचं. मराठीत ‘घर’चं आधी ‘घरा’ करावं लागतं, इथं ‘हाझ’ जसाच्या तसा. खरी गंमत म्हणजे ‘माझं’सुद्धा मागंच चिकटतं: ‘हाझॉम’ माझं घर, ‘हाझॉमबॉन’ माझ्या घरात! ‘माझ्या घरात’, ‘नन्न मनेयल्लि’ म्हणणारे आपण दोघे इथं एका बाजूला. शिवाय स्वर जुळावे लागतात. ‘केर्ट’ म्हणजे बाग, तिला ‘बॉन’ चालत नाही, ‘केर्टबेन’च.

पण म्हणून सोयरीक जुळवू नये. कन्नड द्राविडी, हंगेरियन युरेलिक. साम्य दिसलं की ‘ही भाषा त्या भाषेची लेक’ असा वाद आपल्या भागात लगेच पेटतो. वर्गात तो निघाला की मी फळ्यावर ‘हाझ’ लिहितो. हंगेरियनचे शेजारी जर्मन, स्लोव्हाक, रुमानियन. जवळच्या बहिणी मात्र सैबेरियात, ओब नदीच्या खोऱ्यातल्या खांती आणि मान्सी.